आमची बॅटरी फुगते

संपादक एरवी या सदराला दीड पानाच्या वर जागा देत नाहीत. दिवाळी अंकात मात्र त्यांचा हात सैल होतो. तेव्हा ‘यंदा काय लिहावे?’ म्हणून डोके खाजवीत बसलो होतो, तर आमची ही म्हणाली, “अहो, बॅटरीचे लिहा की! वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच तर सांगत आहात.” म्हणून, वाचकहो, फराळाचे ताट जवळ ओढा आणि आमच्या लॅपटॉपच्या बॅटरीची कहाणी ऐका.

आता आरमोरीत राहणाऱ्या माणसाने लॅपटॉपबद्दल लिहावे याचे पुण्या-मुंबईच्या मंडळींना जरा नवल वाटेल. गडचिरोली म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे वाघ तरी येतो, नाहीतर बंदूक तरी. आमचे आरमोरी वैनगंगेच्या काठचे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले, कोशाच्या रेशमासाठी नाव असलेले साधेसुधे गाव आहे. आगगाडी पाहायची तर वडशाला जावे लागते, एवढाच काय तो उणेपणा. (तेच ते वडसा, जिथे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची बिऱ्हाडे आहेत. दिवाळी उलटली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. पण तो विषय काढला तर बॅटरी राहून जाईल.) सांगायचे इतकेच, की लॅपटॉप आमच्याकडेही असतात, आणि ते तुमच्याकडल्यासारखेच म्हातारे होतात.

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या वस्तू एकमेकींच्या आधाराने चालल्या होत्या. एक हा लॅपटॉप आणि दुसरी आमची माय. माय आता चौऱ्याऐंशीची आहे. तिच्या तोंडात अजून अस्सल झाडीबोली आहे. ‘ण’ आणि ‘ळ’ तिच्या गावीही नाहीत. डोळ्यांना ती ‘डोरे’ म्हणते आणि पाण्याला ‘पानी’. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीसाठी केवढे तरी काम करून ठेवले आहे. माझा वकूब तेवढा नाही. पण निवृत्त झाल्यावर मनात आले, निदान घरातला शब्दसाठा तरी उतरवून घ्यावा. मग रोज दुपारी जेवणे आटोपली की माय सुपारी कातरीत बसते, मी टंकलेखन करीत बसतो, आणि सांदवाडी, आखर, बोडी असे करीत आमची गाडी पुढे सरकते. काही दिवस मायला सारे लख्ख आठवते, काही दिवस ती माझ्याकडेच अनोळखी नजरेने पाहते. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने असे व्हायचेच. म्हणून तर मला घाई.

गेल्या वर्षी नवरात्रातली गोष्ट. मायचा तो दिवस असा काही चांगला होता म्हणता! तिच्या लहानपणी कोणकोणते धान पेरीत, हे तिने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. लुचई, हिरानक्की ही नावे मलाही ठाऊक होती. पण ती एकामागून एक अकरा नावे सांगत गेली. कोणते हलके, कोणते भारी, कोणाचा भात पाहुण्यांना आणि कोणाचा गड्यांना, सारे तपशीलवार. दीड तास मी मान वर न करता टंकत होतो. मध्येच वीज गेली. वीज जाणे ही काही आमच्याकडे बातमी नव्हे. पंखा थांबला, मी पदराने वारा घेणाऱ्या मायकडे पाहून हसलो आणि लिहीत राहिलो. कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिले. चौतीस टक्के! चिक्कार झाले. आणि पुढल्याच क्षणी पडदा काळा ठिक्कर.

मधूनमधून लिहिलेले जतन करावे, हे मी शाळेतल्या पोरांना शंभरदा सांगितले आहे. मास्तर लोक स्वतःचे ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मायला पुन्हा विचारले, तर सात नावे आली. उरलेली चार कुठे गेली ते तिलाही कळेना. “सांगतली होती ना बाप्पा तुले,” ती म्हणाली, आणि ते खरेच होते.

मग मी त्या बॅटरीच्या मागे लागलो. शेजारचा एक कॉलेजात जाणारा मुलगा आहे, त्याने एक युक्ती दाखवली. संगणकाच्या काळ्या आज्ञा-खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ लिहायचे, एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’. लगेच बॅटरीची जन्मपत्रिका तयार होते. तीत दोन आकडे पाहायचे, जन्मतः तिची ताकद किती होती आणि आता पूर्ण भरली तर किती मावते. आमच्या पत्रिकेत पहिला आकडा होता ४२,००० मिलिवॉट-तास आणि दुसरा ९,४००. म्हणजे रुपयातले जेमतेम साडेबावीस पैसे शिल्लक! आणि ते चौतीस टक्के? ते या साडेबावीस पैशांतले चौतीस टक्के, आणि तेही अंदाजाने. जीर्ण बॅटरीचा दाब जरा ओढ बसली की एकदम कोसळतो, आणि आकडा दाखवणारी यंत्रणा तोंडघशी पडते.

हे असे का होते, ते मी समजून घेतले. आमच्या भाषेत सांगतो. बॅटरीत लिथियमचे कण असतात. त्यांची आरमोरी-वडसा एस.टी. चालू असते असे समजा. भरताना सारे उतारू एका स्टँडवर गोळा होतात, वापरताना तेच उलट निघून दुसऱ्या स्टँडवर उतरतात. प्रत्येक फेरीत दोनचार उतारू वाटेतच कुठेतरी अडकून पडतात आणि पुन्हा गाडीत चढत नाहीत. तीनशे-पाचशे पुऱ्या फेऱ्या झाल्या की गाडी बरीच रिकामी धावू लागते. उष्णता असली तर हे आणखी लवकर होते. आणि उष्णतेचे आम्हांला काय सांगता! नदी ओलांडली की ब्रह्मपुरी. उन्हाळ्यात तिथल्या पाऱ्याचे नाव देशाच्या बातम्यांत झळकते. त्यात मी लॅपटॉप वर्षानुवर्षे भिंतीच्या वायरीला बांधून ठेवलेला, अहोरात्र शंभर टक्के भरलेला. पोट तडीला लागेपर्यंत जेवलेल्या माणसाला वैशाखाच्या उन्हात उभे करावे तसा प्रकार! बॅटरीला चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये राहणे मानवते, हे मला फार उशिरा कळले.

ज्या माणसांनी ही बॅटरी दिली त्यांच्याविषयी मात्र मनात आदरच वाटतो. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला कोबाल्ट ऑक्साइडचा टोकाचा पदार्थ शोधला, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये जपानात त्यावरून सुरक्षित घडण बसवली, आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी त्याही आधी पाया घातलेला होता. तिघांना मिळून २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते! इतक्या वयात आजवर कोणालाच नोबेल मिळालेले नव्हते. मायला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मंग मी तं पोट्टीच हाओ.”

पण खरे संकट पुढेच होते. दसऱ्यानंतर एके दिवशी आमची ही टेबल पुसता पुसता म्हणाली, “अहो, हा लॅपटॉप डुगडुगतोय. टेबल तर सरळ आहे.” मी खाली वाकून पाहिले. यंत्राचे पोट खाली सुटले होते, आणि बोट फिरवायची चौकट मध्यभागी उचलली गेली होती. आत बॅटरी फुगली होती. तव्यावरची पोळी फुगते तशीच. जीर्ण झालेल्या बॅटरीत आतले द्रव्य विघटन पावून वायू होतो, आणि चपट्या पिशवीत तो कोंडून राहतो. पोळीला भोक पाडले तर नुसती वाफ निघते. हिला पडले तर आग लागू शकते, आणि तीही पाणी मारून सहज न विझणारी. २००६ साली डेल कंपनीने सुमारे एक्केचाळीस लाख लॅपटॉप-बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. त्यांतल्या सोनीच्या सेलमध्ये धातूचे बारीक कण राहून गेल्यामुळे काही पेटल्या होत्या. जिथे एवढ्या मोठ्या कारखान्यांची ही गत, तिथे माझ्या टेबलावर काय? आणि तोंडावर दिवाळी. अंगणात पणत्या, खिडकीत आकाशकंदील, पोरांच्या हातांत फुलबाज्या.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. पहिला सल्ला मायचा. “उनात ठेव ना बाबू. जीव धरंल थो.” तिचे चूक नव्हते. आमच्या लहानपणी रेडिओचे सेल उतरले की बाबा ते कौलांवर वाळत घालीत, आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरती त्यांत खरोखर धुगधुगी येई. ते जस्ताचे कोरडे सेल. ऊब मिळाली की त्यांची आतली क्रिया जरा जोर धरी. लिथियमच्या बॅटरीला तेच ऊन म्हणजे विष. दुसऱ्या एका गृहस्थांनी तिला रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायला सांगितले. तिसऱ्यांनी तर खिशातून टाचणी काढली. “जराशी हवा काढून टाका, गुरुजी, झाले!” मी टाचणी त्यांच्या हातून काढून घेतली आणि चहा दिला.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात फोन केला. तिथल्या तरुणाने मॉडेलचे नाव ऐकले आणि तो एखाद्याच्या निधनाची बातमी ऐकावी तशा सुरात म्हणाला, “काका, सात वर्षांची मशीन! आता नवीनच घ्या.” नवीन म्हणजे पंचेचाळीस हजार. मी म्हणालो, “अहो, पडदा ठीक आहे, कळा ठीक आहेत, डोके ठीक आहे. नुसता सेल संपला आहे.” त्यावर तो म्हणाला, “बॅटरी बदलून काही फायदा नाही.” का नाही, ते त्याने सांगितले नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय बदलायला सांगणारी ही नवी जमात फार बोकाळली आहे.

मी घरीच करायचे ठरवले. आमच्या या भागाला घरच्या घरी उद्योग करण्याची परंपरा आहेच. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे फार शिकलेले नव्हते, जमीनही थोडीच; पण १९८३ साली बांधीतल्या काही वेगळ्या लोंब्या त्यांच्या नजरेत भरल्या. त्या निवडून, पेरून, पुन्हा निवडून त्यांनी जो धान काढला, तो ‘एचएमटी’ म्हणून देशभर गेला. नाव त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे! दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांच्यापुढे माझे दहा स्क्रू म्हणजे काहीच नव्हे.

आता बॅटरी विकत घेण्याविषयी. नुसते लॅपटॉपचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या यंत्रात दोनतीन तऱ्हांच्या बॅटऱ्या असतात. म्हणून आधी वायर काढून लॅपटॉप चालू ठेवला आणि त्याला आपोआप विझू दिले. सातआठ मिनिटांतच विझला. रिकामी बॅटरी भरलेलीपेक्षा कमी दुष्ट असते. मग तळाचे झाकण अलगद उघडून लेबलावरचा क्रमांक, ११.४ व्होल्ट आणि ४२ वॉट-तास हे उतरवून घेतले, मुलाकडून एक छायाचित्र काढवले, बॅटरीची जोडणी उपटून झाकण पुन्हा नुसते टेकवले, आणि यंत्र फरशीवर, पडद्यांपासून लांब ठेवून दिले. क्रमांक जुळला पाहिजे, व्होल्ट जुळले पाहिजेत, जोडणीचे तोंड आणि स्क्रूची भोके जुळली पाहिजेत. बाजारात हजार-अकराशेला मिळणाऱ्याही पुष्कळ आहेत, आणि त्यांवर आकडे मोठमोठे छापलेले असतात. आकडा छापायला शाईच लागते. मी सव्वीसशेची घेतली, भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६०४६ आणि नोंदणी क्रमांक असलेली, वर्षाच्या हमीची. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करीत, वैनगंगेच्या पुलावरून ती चार दिवसांनी आली. सुट्या लिथियम बॅटऱ्या उतारूंच्या विमानातून मालाबरोबर पाठवायला २०१६ पासून बंदी आहे, आणि मालवाहू विमानातही तिसऱ्या हिश्श्याहून कमीच भरलेली पाठवावी लागते. इतकी ती जपण्याची चीज.

वसुबारसेच्या सकाळी शस्त्रक्रिया ठरली. हिने देवघरातले निरांजन आधीच शांत केले आणि अंगणातून वाळूचे घमेले आणून माझ्याशेजारी ठेवले. शेजारचा मुलगा मदतनीस. फुलीचा बारीक पेचकस, एक जुने प्लास्टिकचे कार्ड, आणि एक कागद, एवढीच हत्यारे. त्या कागदाचे महत्त्व विसरू नका. मी त्यावर लॅपटॉपच्या पाठीचे चित्र काढले, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात ज्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवला. कारण बिजागरीजवळचे स्क्रू लांब असतात आणि पुढचे आखूड. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो आतल्या मंडळाला, नाहीतर खुद्द नव्या बॅटरीला जाऊन भिडतो.

झाकण कार्डाने सरकवत सरकवत उघडले. चालू करायची कळ वीस सेकंद दाबून धरली, म्हणजे आत कुठे वीज दडून बसली असेल तर ती निघून जाते. नळाच्या तोटीला हात लावून अंगातली स्थिर वीजही सोडली. मुलगा हसला, पण त्यानेही लावला. बॅटरीला चार स्क्रू होते. ते निघताच ती स्वतःच उसळून वर आली, इतकी दाटून बसली होती. काही यंत्रांत बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. तशी फुगलेली निघाली असती, तर मी झाकण लावून सरळ जाणत्याकडे गेलो असतो, हे स्पष्ट सांगतो. खरवडून काढायच्या भानगडीत पडू नये. आमची निघाली. न दाबता, न वाकवता, दोन्ही तळव्यांवर घेऊन मी ती घमेल्यापर्यंत नेली. सोळा पावले. अर्धशतक वर्गात उभे राहून कधी पाय कापले नव्हते, ते त्या दिवशी कापले. माय दारात बसून पाहत होती. “बाई बारंतीन झाल्यावानी करून रायला,” ती हिला म्हणाली.

नवी बसवायला दहा मिनिटेही लागली नाहीत. जोडणीचे तोंड वायर न ओढता बोटांच्या नखांनी सारखे दाबायचे, स्क्रू हलक्या हाताने आवळायचे. वायर लावली, दिवा लागला, कळ दाबली. पडदा उजळला तेव्हा मदतनीसाने जी आरोळी ठोकली तिच्याने आमची मांजर दोन दिवस घरात आली नाही. पत्रिका पुन्हा काढली. ४१,८००! मग एकदा पूर्ण भरली, वापरून दहा टक्क्यांपर्यंत उतरवली आणि परत भरली, म्हणजे आकडा दाखवणारी यंत्रणा ताळ्यावर येते. ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबवायची सोय यंत्राच्या सेटिंगमध्ये सात वर्षे पडून होती, तीही चालू केली.

जुनीचे काय? २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती घरच्या केरात टाकायची नाही, वेगळी काढून परत घेणाऱ्याकडे द्यायची. ती परत घेण्याची जबाबदारी बॅटऱ्या विकणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. फुगलेली बॅटरी पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवता येत नाही. मी तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावली, पत्र्याच्या डब्यात वाळूत पुरली, झाकण सैल ठेवले आणि डबा सांदवाडीत, घरापासून दूर, शेडखाली ठेवला. दिवाळी होईपर्यंत पोरांना तिकडे फिरकू दिले नाही. भाऊबीज झाल्यावर भाचा मोटारीने नागपूरला जात होता. त्याच्याबरोबर मीही गेलो आणि डबा तिथल्या संकलन केंद्रात स्वतःच्या हाताने दिला. तिथल्या माणसाने वाळूकडे पाहून विचारले, “हे काय, काका?” मी म्हणालो, “आरमोरीची वाळू. परत नको.”

तर त्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, वीज गेली. सारी गल्ली पणत्यांवर आली. मी ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो, पडदा तसाच जळत होता, आणि कोपऱ्यातला आकडा अठ्ठ्याहत्तर टक्के म्हणत होता. या वेळी मी प्रत्येक ओळीला जतन करीत होतो. माय शेजारी येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग समोरच्या अंधाराकडे पाहत तिने एक नाव घेतले. धानाचे. मी विचारले, “हलके का भारी?” म्हणाली, “भारी.” थोड्या वेळाने दुसरे आले.

नऊ झाली आहेत. दोन यायची आहेत. रोज दुपारी विचारतो.